गोरोबाची गाडी

बलभीमच्या पोटात दुखायला लागलं ते गोरोबाची गाडी गावात आली त्या दिवसापासून. त्याआधी अधूनमधून कळ यायची, नाही असं नाही, पण ती येऊन जायची. गाडी आली आणि दुखणं मुक्कामालाच राहिलं.

गोरोबा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. तान्हेपण सरतंय तोवर ताप आला आणि पोराचे दोन्ही पाय वाळून गेले. तेव्हापासून तो घरात हातांवर सरकत हिंडायचा आणि घराबाहेर बलभीमच्या पाठीवर बसून. शाळेत पाठीवर, जत्रेत पाठीवर, नळदुर्गच्या बाजाराला जायचं तर एसटीच्या पायऱ्याही थोरल्याच्या पाठीवरूनच चढायचा. दाढीत पांढरे केस आले तरी यात फरक पडला नव्हता. लग्न त्यानं केलं नाही. ओसरीवर बसून दिवसभर गुरांचे कासरे, दावी, म्होरक्या वळायचा. त्याचे हात बघितले तर पैलवानाचे वाटावेत असे होते, आणि त्याच्या हातचा कासरा लोक बाजारात नाव घेऊन मागायचे. पुढच्या खोलीत तो आणि म्हातारी आई कस्तुराबाई, मागच्या दोन खोल्यांत बलभीम आणि त्याची बायको तारामती. चूल एकच होती.

सगळ्यात आधी गोरोबाला पगार सुरू झाला. निराधाराचे जे पैसे महिन्याला बँकेत येतात त्यांना गावात सगळे पगारच म्हणतात. नोकरी नाही, साहेब नाही, रजा नाही, तरी पगार. मग एसटीचं सवलतीचं तिकीट आलं. मग दिव्यांगांच्या निधीतून पुढच्या खोलीवर ग्रामपंचायतीनं नवे पत्रे टाकून दिले. मागच्या खोल्या मात्र होत्या तशाच गळत राहिल्या, कारण मागं राहणाऱ्या माणसाचे पाय शाबूत होते. आता यातली गंमत अशी की हे सगळं मिळावं म्हणून धावपळ केली ती बलभीमनंच. सर्टिफिकेटासाठी धाराशिवच्या दवाखान्यात भावाला पाठीवर घेऊन जिने चढला तो बलभीम. फोटो, अंगठे, सह्या, साहेब जेवायला गेलाय तर जिन्याखाली बसून राहणं, सगळं त्यानं केलं. म्हणजे ज्या सरपणावर पुढं तो जळत बसला, ते त्यानं स्वतःच गोळा करून आणलेलं होतं.

आणि शेवटी धाराशिवच्या शिबिरात गोरोबाला बॅटरीवर चालणारी तीनचाकी मिळाली. निळी, कोरी, पुढं दिवा, मागं सामान ठेवायला पेटी. टेम्पोतून उतरवताना अर्धं गाव गोळा झालं होतं. गोरोबा तिच्यावर बसला, मूठ पिळली आणि कुणाला न विचारता गावाला एक वेढा घालून आला. जन्मात पहिल्यांदा तो एकटा कुठंतरी जाऊन आला होता. कस्तुराबाईनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बलभीम मागं उभा राहून हसत होता, पण ते हसू त्याच्या गालांना दुखायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मल्लेशच्या हॉटेलात हाच विषय होता. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक स्टोव्ह आणि गावातली सगळी मोकळी तोंडं. त्यांतलं सगळ्यात मोकळं तोंड वीरप्पाकाकांचं.

"बलभीमा, तुज्या भावाचं बरं हाय गड्या," वीरप्पाकाका म्हणाले. "पगार चालू, गाडी दारात. आमी जल्मभर ढेकळं फोडली, आमाला साधी सायकल न्हाय दिली कुणी."

"अन् रानात जायचं न्हाय, पाण्याची पाळी न्हाय," मल्लेश चहा गाळत म्हणाला. "सावलीत बसून कासरं वळायचं. राजेशाही कारभार."

बलभीमनं यावर एक शब्द बोलायला हवा होता. हा माणूस हातांवर सरकत मोरीकडं कसा जातो, उन्हाळ्यात तळहात कसे भाजतात, हे त्या बाकड्यांवर त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण तो म्हणाला, "धड हातपाय असणं हा आता गुन्हाच झालाय, काका. आमचा गोरोबा म्हंजी सरकारचा जावई. जावयाला काय कमी?"

सगळे खदाखदा हसले. बलभीमला खाज सुटलेल्या जागी खाजवल्यासारखं बरं वाटलं. मग ती सवयच लागली. रोज चहाबरोबर तो भावावर एक नवीन वाक्य सोडायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. पंधरवड्याच्या आत सरकारचा जावई हे नाव गावभर झालं. गोरोबाची गाडी फाट्यावरून गेली की कुणीतरी ओरडायचं, "या जावईबापू, मानपान घेऊन जा." गोरोबा आधी हसायचा. नंतर तो नुसता हात वर करायला लागला. आणि मग एके दिवशी बलभीमनं बघितलं की गाडी हॉटेलापाशी वेग न कमी करता, मान सरळ ठेवून निघून गेली. त्याला जरा वाईट वाटलं. पण चहा संपेपर्यंतच.

कारण खरा जळफळाट दुसराच होता, आणि तो हॉटेलात सांगण्यासारखा नव्हता. पूर्वी बाजाराच्या दिवशी सकाळी गोरोबा हाक मारायचा, "आण्णा, निघायचं का?" आता बलभीम डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर यायचा तर गाडी गेलेली असायची. पूर्वी रस्त्यात माणसं विचारायची, काय बलभीम, धाकट्याला कुठं नेतोयस? आता विचारायची, गोरोबा कुठं गेलाय? जणू बलभीम म्हणजे त्याचा चौकशीचा खांब. आईसुद्धा फितूर झाली होती. मागच्या पेटीवर बसून, लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढून, म्हातारी मंदिरात जाऊन यायची आणि दारात उतरता उतरता सांगायची, "माजा गोरोबा लई संभाळून चालवतो बाबा." बलभीमनं तिला मोटारसायकलवर कितीदा नेलं होतं. तेव्हा ती उतरल्यावर म्हणायची, कंबरडं मोडलं माझं.

एकदा भर दुपारी गोरोबा झोपलेला असताना बलभीमनं ती गाडी चालवून बघितली. आत बसला, आपले ते गुन्हेगार पाय आखडून घेतले, मूठ पिळली आणि कडुलिंबाच्या झाडापर्यंत जाऊन आला. गाडी आवाज करत नव्हती, हादरत नव्हती, बसायला गादी होती. इतकी चांगली असेल असं त्याला वाटलं नव्हतं, त्यामुळं तो जास्तच चिडला. उतरायला लागला तर समोर वीरप्पाकाका.

"बस, बस," काका म्हणाले. "सवय हू दे. गुडघं गेल्यावर अर्ज कर."

बलभीम कानापर्यंत लाल झाला. घरात येऊन त्यानं तारामतीवर राग काढला, भाकरी करपलीय म्हणून. भाकरी करपलेली नव्हती.

तारामती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "आवं, सख्ख्या भावाचं वाटोळं व्हायची वाट बघताय का काय?" ती म्हणाली. "त्यास्नी उचलून न्यायला लागायचं तवा रोज करवादायचा. पाठ मोडली, जल्म गेला. आता उचलाय लागत न्हाय तर त्येनंबी जळताय. तुमाला नेमकं पायजे तरी काय?"

याचं उत्तर बलभीमला येत होतं, पण बायकोसमोर देण्यासारखं नव्हतं. तो गोठ्याकडं निघून गेला.

अशात येळवस आली.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना भज्जीची मिसळभाजी, बाजरीचे उंडे, खीर दाखवायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. या दिवशी कुणाच्याही रानात कुणीही जेवतं. पण सगळ्यात मानाची असते ती आंबिलाची बिंदगी. ताकातल्या आंबट आंबिलानं भरलेलं ते मडकं घरातल्या थोरल्यानं डोक्यावर घ्यायचं, खांद्यावर घोंगडी टाकायची आणि अनवाणी रानापर्यंत न्यायचं, थेंब न सांडता. बलभीम मिसरूड फुटल्यापासून ती नेत होता. एक खेप बिंदगीची, दुसरी खेप गोरोबाची. दुसऱ्या खेपेला रस्त्यावरची बैलगाड्यांतली माणसं त्याला वाट देऊन थांबायची, आणि तो मान खाली घालून चालत असला तरी त्याला ते सगळं दिसायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी गोरोबा बाजारातून आला. गाडी ओसरीवरच्या पॉइंटला चार्जिंगला लावली, कारण जाड पिनचा पॉइंट घरात तेवढाच होता, आणि तिथूनच हाक मारून म्हणाला, "आण्णा, औंदा तुमी नुसतं मोकळं चला. बिंदगी म्या नेतो गाडीवर. आईबी बसंल मागं, बिंदगी मांडीवर घिऊन. चार वर्सं झाली, तिनं येळवशीचं रान बघितलं न्हाय."

"बघंन की रं बाबा," कस्तुराबाई आतून म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम पोरीसारखा झाला.

"बरं," बलभीम म्हणाला.

एवढंच म्हणाला. पण त्याच्या छातीत काहीतरी कुजकं फुटलं. पगार घेतला, पत्रे घेतले, गाडी घेतली, आई घेतली, आता बिंदगीही घेतली. आणि वरून म्हणतो, मोकळं चला. मोकळं म्हणजे काय? मोकळा बैल बाजारात विकायला उभा करतात. तारामती चुलीपाशी आंबील ढवळत होती, गोरोबा आत सरकत गेला होता. बलभीम ओसरीवरून जाता जाता थांबला. त्यानं पिन अर्धी बाहेर ओढली, अशी की आपोआप सैल झाली असं वाटावं. गाडीवरचा लाल ठिपका विझला. मग तो तोंड धुवायला गेला. त्याला कसलंही पाप लागल्यासारखं वाटलं नाही, उलट भूक लागली.

सकाळी तारामती भज्जीची टोपली डोक्यावर घेऊन आधीच रानात गेली. गोरोबानं गाडी बाहेर काढली, आईला मागं बसवलं, तिच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली बिंदगी दिली. बलभीम खांद्यावर उसाची मोळी घेऊन मागून चालत राहिला. गाडी पुढं जात होती आणि त्याची नजर तिच्या चाकांवर होती. गाव संपलं. काळ्या रानातली गाडीवाट लागली. वाट ओढ्याकडं उतरली, आणि ओढ्यातून वर चढताना गाडी कण्हली, हळू झाली आणि थांबली.

बलभीमच्या तोंडाला पाणी सुटलं असतं तर नवल नव्हतं.

"काय झालं रं?" त्यानं विचारलं.

"बंद पडली," गोरोबा म्हणाला.

"तरी म्या म्हनतो, सरकारी वस्तूचा काय भरवसा." बलभीमनं मोळी खाली टाकली. तेवढ्यात मागून वीरप्पाकाकांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं, टोपल्या, पोरंबाळं. काकांनी बघितलं आणि ट्रॅक्टर थांबवायला लावला. आज सणाचा दिवस होता, आज त्यांनी जावईबापू म्हटलं नाही.

"चला की, टाका गाडीबी वर," ते म्हणाले. "चार माणसं लावून उचलू."

"गाडी ऱ्हाऊ द्या. आईला आन् बिंदगीला तेवढं घ्या," बलभीम घाईनं म्हणाला. "भावाला म्या नेतो."

"आरं, जागा हाय की त्याला."

"म्या नेतो म्हनलं ना, काका. माजा भाऊ हाय."

सगळ्यांनी गोरोबाकडं बघितलं. गोरोबानं क्षणभर ट्रॉलीकडं बघितलं, मग थोरल्याकडं. "तुमी व्हा म्होरं," तो म्हणाला. "म्या आण्णासंगं येतो."

बलभीम त्याच्यापुढं पाठ करून बसला. ते दोन बळकट हात गळ्याभोवती आले, छाती पाठीला लागली, आणि बलभीम ढोपरांवर जोर देऊन उठला. उठताना गुडघे कडकडले. गोरोबा आता पूर्वीचा राहिला नव्हता, बसल्या कामाचं अंग होतं, भारी लागत होता. पण बलभीमला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपण पोटभर श्वास घेतोय. ट्रॉलीतली माणसं मागं वळून बघत होती. एक बाई दुसरीला म्हणाली, "थोरला असावा तर असा." ते त्याला स्पष्ट ऐकू आलं. बांधावरून जाणारा मल्लेश थांबला, त्यानं मोबाइल काढला आणि फोटो घेतला. बलभीमनं मान थोडी आणखी खाली घातली.

ट्रॅक्टर पुढं गेला. वाटेवर दोघंच उरले.

"बघ," बलभीम धापा टाकत म्हणाला. त्याला आता फार माया आली होती. "शेवटाला मानूसच कामाला येतं, गोरोबा. यंत्राचं काय खरं न्हाय."

"व्हय," गोरोबा त्याच्या कानापाशी म्हणाला.

दोघं थोडं चालले. हरभऱ्याच्या रानातून वारा येत होता.

"पिन म्या सकाळी बघितली व्हती," गोरोबा म्हणाला.

बलभीमचं पाऊल अडखळलं. "सुटली असंल. सैलच हाय तो पॉइंट."

"सुटली नव्हती, आण्णा. बटनबी बंद व्हतं."

बटण. पिन ओढली तेव्हा हातानं सवयीनं बटणही बंद केलं होतं. जन्मभर घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा बंद करत हिंडणारा हात तो. सगळ्या घराला ही खोड माहीत होती. बलभीमच्या मानेवरून घाम ओघळला आणि गोरोबाच्या मनगटावर गेला, आणि गोरोबानं ते मनगट हलवलं नाही.

"मग लावायची व्हतीस की परत," बलभीम म्हणाला. त्याचा आवाज चिडका आला. त्याला स्वतःलाच तो आवडला नाही. "येळ व्हता की."

"व्हता. दोन तास व्हता. लावली असती तर आरामात पोचलो असतो."

"मग?"

गोरोबाच्या आवाजात राग असता तर बलभीमनं त्याला तिथंच बांधावर उतरवलं असतं आणि दोघं मोकळेपणी भांडले असते. पण राग नव्हता. तो ज्या आवाजात म्हाताऱ्या आईला समजावायचा, त्याच आवाजात म्हणाला, "तुमाला लई दिसांत काय मिळालं नव्हतं."

बलभीम चालत राहिला. दुसरं करणार काय? भाऊ पाठीवर होता, खाली ठेवावा तर पुढून माणसं येत होती. आत्ता मघाशी जे वजन हवंहवंसं वाटत होतं ते आता पावलागणिक वाढायला लागलं. दया करून, त्याची गरज बघून कुणीतरी त्याला हे दिलं होतं. अर्ज न करता. रांगेत उभं न राहता. हॉटेलात बसून तो ज्याला जावई म्हणत होता, तो इतके दिवस त्याच्याकडं बघत होता, आणि थोरल्याला नेमकं काय कमी पडलंय हे त्याला थोरल्याआधी कळलं होतं. आणि सगळ्यात वाईट हे की अजूनही बलभीमच्या पोटात दुखतच होतं. आता त्याला भावाच्या मनाचाही हेवा वाटत होता. तेवढं मन त्याला कुणी दिलं नव्हतं.

रानात कोपेपुढं सगळे जमले होते. बलभीमनं गोरोबाला घोंगडीवर उतरवलं आणि तो तिथंच गुडघ्यांवर बसला, उठवेना. वीरप्पाकाका मोठ्यानं म्हणाले, "नशीबवान हाईस गोरोबा. असला भाऊ मागून मिळत न्हाय." मल्लेशनं फोटो गावाच्या ग्रुपवर टाकलाही होता, त्यावर हात जोडलेली चित्रं पडायला लागली होती.

"गाडीला काय झालं म्हनं?" तारामतीनं विचारलं. ती गोरोबाला विचारत होती, पण बघत नवऱ्याकडं होती.

"रातच्याला लाईट गेली असंल," गोरोबा म्हणाला.

बलभीमनं तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं की लाईट गेली नव्हती. वाक्य तयार होतं, घशात होतं. पण सगळे त्याच्याकडं इतक्या कौतुकानं बघत होते, आणि ते कौतुक इतकं ऊबदार होतं, की तोंड उघडं राहिलं आणि शब्द आतच राहिले.

पूजा झाली. कस्तुराबाई कोपेच्या दारात बसली होती. चार वर्षांनी तिनं रान बघितलं होतं, तिचे डोळे भरून आले होते. तिनं पहिला उंडा घेतला, त्यावर भज्जी घातली, आणि सगळ्यांना ओलांडून थोरल्यापुढं धरला. "घे रं माझ्या राजा. दमलास."

बलभीमचे हात मांडीवरून हलले नाहीत. म्हातारीचा हात तसाच पुढं राहिला. माणसं बघत होती. तेव्हा गोरोबा त्याच्याकडं सरकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "घ्या, आण्णा. देत्यात तर घ्यावं. लाजायचं न्हाय. मलाबी आधी लई लाज वाटायची."

बलभीमनं हात पुढं केला.